दारवाल्यांच्या गाडीचं दार

कावळा काही केल्या खाली उतरेना.

इंद्रायणीच्या घाटावर अंबूबाईचा दहावा होता. पत्रावळीवर भाताचे पिंड मांडून चाळीसएक माणसं उन्हात उभी होती, आणि कावळा विजेच्या तारेवर बसून त्या सगळ्यांकडे कंपनीच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला बघतो तसा बघत होता. म्हणजे दिसतंय सगळं, पण आत कोणाला सोडायचं ते मी ठरवणार.

पहिला पुढे झाला तो ज्ञानेश, अंबूबाईचा एकुलता एक मुलगा. माणच्या आयटी पार्कात नोकरीला, ताथवड्याला अकराव्या मजल्यावर फ्लॅट. हात जोडून तो म्हणाला, "आई, बाबांची काळजी करू नकोस. त्यांना मी आमच्याकडे नेतो. कायमचं."

कावळ्याने मान फिरवली आणि तो उडून पलीकडच्या खांबावर जाऊन बसला. ज्ञानेशच्या बापाला, म्हणजे सयाजीला, या बाबतीत कावळ्याचं म्हणणं मनातून पटलं. पण ती वेळ ते बोलून दाखवायची नव्हती.

मग शेजारच्या कुशाबाईने पिंडाशेजारी चिमूटभर मिश्री ठेवली. कुशाबाई कुरुळी गावच्या जुन्या घराण्यातली. तिच्या आणि अंबूबाईच्या अंगणात एका भिंतीचं अंतर, आणि त्या भिंतीवरून वीस वर्षं मिश्रीची डबी इकडून तिकडे गेलेली. "आंबू, ये गं बाय," ती म्हणाली, "तुझी तुळस म्या सुकू द्यायची न्हाई." कावळा बधला नाही. कोणी जिलबी ठेवली. कोणी म्हणालं, डब्याची गिऱ्हाइकं उपाशी राहणार नाहीत, त्यांची सोय लावू. अंबूबाई कंपनीतल्या पोरांना जेवणाचे डबे पोचवायची, त्यात जीव अडकला असेल असा एक तर्क होता. तोही फुकट गेला. गुरुजींनी दोनदा घड्याळ बघितलं. त्यांना पुढचा दहावा होता.

शेवटी कुशाबाईने सयाजीच्या दंडाला कोपर लावलं. "आवो, तुमी बोला की. तुमचंच काय तरी ऱ्हायलं आसंल."

सयाजी साठीचा. नुकतंच मुंडण झालेलं डोकं उन्हात तापलेलं. पायाच्या अंगठ्याकडे बघत तो कोणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाला, "दार नीट करतो गं. गाडीचं. तेराव्याच्या आत करतो."

कावळा सरळ खाली आला, चोच मारली आणि गेला.

माणसांनी हुश्श केलं. मागे कोणीतरी म्हणालं, "घ्या! बाई दारातच अडकली होती!" आणि दहाव्याला जेवढं हसलेलं चालतं तेवढं सगळे हसले. हसले नाहीत ते तिघं. एक सयाजी. दुसरी कुशाबाई. आणि तिसरा ज्ञानेश, कारण त्याने ती गाडी चौदाव्या दिवशी भंगारवाल्याला द्यायचं आदल्या रात्रीच फोनवर पक्कं केलं होतं.

*

आता दाराचं काय प्रकरण होतं ते सांगायला हवं.

सयाजी मूळचा औशाकडचा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत चिकटला आणि दोन वर्षांपूर्वी तिथूनच रिटायर झाला. गावाकडे त्याची ख्याती अशी, की सयाजी कंपनीत गाड्यांची दारं करतो. सासऱ्याने पोरगी दिली तेव्हा तो गवंड्याच्या हाताखाली होता, त्यामुळे जावयाची ही बढती सासरवाडीने फार मनावर घेतली. लग्नकार्यात पानाच्या तबकापुढे त्याला "या, दारवाले पाहुणे" म्हणून बसवायचे. रस्त्याने एखादी चकाचक गाडी गेली की मेहुणा विचारायचा, "दाजी, ह्येचं दार तुमचंच का?" सयाजी डोळे बारीक करून गाडीकडे बघायचा आणि म्हणायचा, "आमचंच."

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. लाइनवर उघड्या दारांची गाडी पुढ्यात सरकत यायची. सयाजीने दाराच्या चौकटीतल्या खाचेत काळं रबर बसवायचं, अंगठ्याने दाबत खालून वर, वरून आडवं, परत खाली. दीड मिनिट. तोवर पुढची गाडी. दाराचा पत्रा कोण ठोकतं, बिजागरी कोण बसवतं, कुलूप आत कसं बसतं, हे सव्वीस वर्षांत त्याने लांबून बघितलं, पण हात लावला नाही. लावायची परवानगीच नव्हती. ज्याचं स्टेशन त्याचं काम. त्याच्या उजव्या अंगठ्याला रुपयाएवढा सपाट घट्टा पडला होता आणि लाइनवरची पोरं त्याला रबरमामा म्हणत. हे नाव चाकणच्या बाहेर जाऊ नये एवढी काळजी त्याने जन्मभर घेतली.

व्हॅन घेतली ती जुनीच. सरकत्या दाराची, पांढरी, कुशीला निळा पट्टा. अंबूबाईच्या डब्यांचा व्याप वाढला तेव्हा घेतली. शिफ्ट संपवून सयाजी चालवायचा, मागच्या सीटवर डब्यांच्या पिशव्यांमध्ये अंबूबाई. दर खोलीपुढे, दर गेटपुढे दार उघड, डबे दे, दार लाव. दिवसाला साठ वेळा म्हणा. सात वर्षांपूर्वी ते दार जड जायला लागलं. मग खाली बसलं. मग अर्ध्यावर येऊन अडायला लागलं, आणि लागलं तरी कुलपात जाईना.

"अवं, बघा की जरा," अंबूबाई म्हणाली. "तुमी तर दारंच करता."

"बघू. रविवारी."

रविवार आला तशी सयाजीची पाठ धरली. पुढच्या रविवारी गावाकडे कोणाचं तरी बारसं निघालं. गॅरेजात न्यायचं तर कुरुळीत सगळे ओळखीचे. दारवाल्याने आपल्या गाडीचं दार दुसऱ्याकडून करून घ्यायचं? ते लोहाराने सुई उसनी मागण्यासारखं झालं असतं. आणि स्वतः उघडायचं तर आत काय असतं ते देवाला माहीत. असे करता करता वर्षाला बावन्न या हिशेबाने रविवार गेले.

अंबूबाईने मग आपली एक रीत बसवली. डाव्या हाताने मूठ धरायची, उजव्या हाताने दार खालून बोटभर उचलायचं, गुडघ्याचा एक टोला द्यायचा आणि हिसडा. खडाक. हे तिलाच जमायचं. सयाजीने चारदा करून पाहिलं, चारदा बोटं चेमटवून घेतली. ज्ञानेशने एकदा केलं तेव्हा त्याचा आयटी पार्कातला शर्ट खांद्यात उसवला. कुरुळीच्या गल्लीत खडाक आवाज आला की लोक म्हणत, अंबूबाई आल्या, जेवायला बसा.

पण घाटावर सयाजीच्या तोंडून दार आलं ते एवढ्यासाठी नव्हतं. ते वेगळ्याच गोष्टीसाठी होतं आणि ती कुशाबाईशिवाय कोणाला ठाऊक नव्हती.

त्या दिवशी सकाळी कणीक मळता मळता अंबूबाई खाली बसली. छातीत आवळून येतंय म्हणाली. सयाजीने आणि कुशाबाईने तिला धरून व्हॅनच्या मधल्या सीटवर बसवलं. आणि मग दार लागेना. सयाजीने ओढलं, ते अर्ध्यावर येऊन रुसलं. लाथ घातली, शिवी घातली. कुशाबाईने हात लावला. उघड्या दाराने न्यावं तर बाई पहिल्याच वळणावर रस्त्यावर पडायची. सयाजी घामाने निथळत दाराशी झोंबत होता, तेवढ्यात आतून अंबूबाई उठली. तोंड पांढरं पडलेलं. "सरका तिकडं," म्हणाली, "तुमच्यानं व्हायचं न्हाई." डावा हात मुठीवर, उजव्याने उचललं, गुडघा, हिसडा. खडाक.

"आता चला," म्हणून ती मागे टेकली.

त्यानंतर तिने या जगात दुसरं कुठलंही काम केलं नाही. चाकणच्या ट्रॅफिकमधून वाट काढत दवाखान्यात पोचेपर्यंत ती बोलली नाही आणि तिथून परत आली ती दुसऱ्याच गाडीतून.

डॉक्टरांना सयाजीने एवढंच विचारलं, "थोडी ताकद लावली, जड काम केलं, तर..." डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता काका, कशानेही काही झालं नसतं. सयाजीने मान हलवली. डॉक्टरांनी ते दार बघितलं नव्हतं.

*

अकराव्या दिवशी सकाळी तो पाना, पकड आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन व्हॅनपुढे बसला. ज्ञानेश रजेवर होता. तो चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"बाबा, तीन दिवसांनी गाडी जाणारे. पासिंग संपलंय, वीस वर्षं झाली तिला. तुम्ही दार दुरुस्त करून भंगारात देणार?"

"कावळ्याला सांगितलंय."

"अहो, पण कावळ्याला काय कळतंय..." ज्ञानेश म्हणाला आणि स्वतःच थांबला. घाटावर त्याला नाकारून कावळ्याने दार पत्करलं होतं, ते त्याला अजून लागून राहिलं होतं.

"तू तुझं ऑफिसचं बघ," सयाजी म्हणाला. "दाराचं मी बघतो. सव्वीस वर्षं काय केलं मी?"

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला पाना उचलणं भागच होतं. दार उघडून बघितलं तर ते तीन ठिकाणी धरलेलं. वर एक हात, खाली एक हात, आणि मध्ये, बाहेरच्या बाजूने, गाडीच्या कुशीवरच्या लोखंडी खाचेत धावणारी एक बिजागरी. बिजागरीला दोन बोल्ट. सयाजीला वाटलं, एवढंच? त्याने पहिला सोडवला. दुसरा सोडवताना खालून दाराला टेकू द्यावा लागतो, हे त्याच्या स्टेशनवर कोणी शिकवलं नव्हतं.

दार खाली आलं. कोपरा फरशीवर आपटला, पत्र्याला वाटीएवढा पोचा आला आणि सयाजीच्या पायाचा अंगठा अर्ध्या बोटाने वाचला. आवाज असा झाला, की भिंतीवरून कुशाबाईचं डोकं वर आलं. "काय वो दारवाले, दार पडलं व्हय?"

अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सयाजीने सोडली. तिच्यावर अंबूबाईने लावलेले दोन चिमटे अजून होते, ते काढून खिशात ठेवले, आणि दोघा बापलेकांनी त्या दोरीने दार गाडीला बांधलं. जखमी माणसाचा हात गळ्यात बांधतात तसं.

"गॅरेजात न्या आता," ज्ञानेश म्हणाला.

"उद्या," सयाजी म्हणाला. रविवार म्हणायची सोय आता उरली नव्हती.

*

धोंडीबाचं गॅरेज कुरुळीच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये. शेडच्या जागी पूर्वी त्याच्याच घरची बाजरी व्हायची. समोरच्या वावरात आता कंटेनर उभे असतात. धोंडीबा सांगायचा, बापाने इथं आयुष्यभर तण काढलं, म्या पोचं काढतो, जमीन तीच हाय.

बाराव्या दिवशी दोरी बांधलेली व्हॅन शेडपुढे थांबली तेव्हा तो एका टेम्पोखाली होता. तिथूनच त्याने चाकं ओळखली.

"या, दारवाले. आज हिकडं कशी वाट चुकला?"

"दार आहे," सयाजी म्हणाला.

"ते दिसतंय. दोरीनं बांधलंय म्हंजी महत्त्वाचंच आसनार." तो बाहेर आला, सयाजीचं मुंडण बघितलं आणि थट्टेचा सूर तिथेच सोडला. "परवा घाटावर आलो हुतो म्या. मागं उभा हुतो. बसा."

सयाजी एका काढून ठेवलेल्या सीटवर बसला. धोंडीबाने दोरी सोडली, गडी हाताशी घेऊन दार अलगद बाजूला केलं, भिंतीला टेकवलं. मग कुशीवरच्या खाचेत बोट घातलं. बोट काळं होऊन बाहेर आलं. त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला, खाचेच्या एका टोकाला खुपसला आणि ओढत दुसऱ्या टोकाला नेला. आतून तिळाच्या वडीसारखी चिवट काळी पट्टी निघाली, हातभर लांब.

"बघा," तो म्हणाला.

"काय आहे?"

"मेन. मेनबत्तीचं. त्येच्यावर खोबरेल. त्येच्यावर ह्या रस्त्याची धूळ, कणकेचं पीठ, त्येच्यावर परत मेन. मातीच्या भिंतीला पोतारा देत्यात तसं थर हायती." त्याने बिजागरीतला रोलर काढून सयाजीच्या तळहातावर ठेवला. तो गोल नव्हता. एका अंगाने सपाट झाला होता, हरभऱ्याच्या डाळीसारखा. "हे आसं व्हतंय. मेनात वाळू बसती, मग रोलर फिरत न्हाई, नुसता घासतो. पिन बगा, निम्मी उरली. म्हनून दार खाली बसलं. मेन घातलं नसतं तर रोलर आजून चालला आसता."

"कोणी घातलं?" सयाजीने विचारलं. विचारताना त्याच्या डोळ्यांपुढे घरातला मेणबत्त्यांचा पुडा आला. लाईट जायची बंद होऊन जमाना झाला तरी घरात मेणबत्त्या संपतात कशा, यावरून त्याने अंबूबाईला दोनतीनदा झापलं होतं. ती म्हणायची, उंदरं खात्यात.

धोंडीबाने कापडाला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"तुमच्या मंडळींनी," तो म्हणाला. "आन् सांगितलं हुतं म्या."

सयाजीने रोलर मुठीत धरला.

"सात वरसं झाली आसतील. आमच्या पोरांचं डबं घेऊन चालत आल्या हुत्या, एकल्याच. म्हनल्या, धोंडीबादादा, दार जड जातंय, काय करू? म्या म्हनलं, गाडी आना, अर्ध्या दिसाचं काम हाय, रोलर बदलून देतो. म्हनल्या, न्हाई, मालक सोता करनार हायती, रविवारी. तवर काय करू ते सांगा. म्या म्हनलं, तवर मेनबत्ती घासा." धोंडीबाने मेणाची पट्टी जमिनीवर टाकली. "तवर म्हनलं हुतं म्या. दोनचार दिसापुरतं."

बाहेर रस्त्यावरून एक कंटेनर गेला, शेडचा पत्रा थरथरला.

"धोंडीबा," सयाजी म्हणाला, "मला दारातलं काही येत नाही. मी दारं करत नव्हतो. मी रबर लावायचो. सव्वीस वर्षं नुसतं रबर."

"ठावं हाय."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच."

सयाजीच्या हातातला चपटा रोलर खाली पडला.

"तुमच्या लायनीवरची पोरं त्यांचाच डबा खायची की. रबरमामाच्या काकू म्हनायची त्यांना, गाडीत तुमाला ऐकू जानार न्हाई आसं. त्या हसायच्या. मला म्हनल्या, गावाकडं समदी दारवाले म्हनत्यात, त्येंना गोड वाटतंय. गाडी गॅरेजात आनली तर तुमी चार सवाल इचारनार, आन् त्येंचं तोंड बारीक हुनार. ऱ्हाऊ द्या. माजा गुडगा हाय की." धोंडीबाने रोलर उचलून डबड्यात टाकला. "आसं म्हनल्या."

म्हणजे ज्या एका माणसापुढे सयाजी एवढी वर्षं दारवाला म्हणून वावरला, त्याच माणसाला ते पहिल्यापासून माहीत होतं. ती रोज डबे द्यायला जाऊन रबरमामाची बायको व्हायची आणि संध्याकाळी घरी येऊन दारवाल्याची. आणि दोन्हींमधली फट बुजवायला मेणबत्ती.

त्याने मग धोंडीबाला त्या सकाळचं सगळं सांगितलं. लाथ, शिवी, अंबूबाईचं उठणं, सरका तिकडं. सांगून झाल्यावर तो गप्प बसला. माणूस अशा वेळी काय ऐकायला गप्प बसतो ते सगळ्यांना माहीत असतं. आणि धोंडीबा ते म्हणालाही असता, पण तो खोटं बोलण्यात सयाजीहून कच्चा होता.

"दार हलकं आसतं तर त्या वाचल्या आसत्या का, ते म्या न्हाई सांगू शकत," तो म्हणाला. "म्या मिस्त्री हाय. पर दार हलकं आसतं तर तुमी लावलं आसतं, येवढं नक्की."

मग तो कामाला लागला. जुन्या गाड्यांतून काढून ठेवलेल्या सामानाच्या डबड्यात एक बरा रोलर निघाला. पिन घासून बसवली. खाच रॉकेलने धुतली, तेव्हा आतलं लोखंड सात वर्षांनी पहिल्यांदा चमकलं. पोचा ठोकून काढला. दुपार कलेपर्यंत दार तीन ठिकाणी धरून उभं राहिलं. धोंडीबाने ते बोटाने ढकललं. ते सरकलं आणि चौकटीवर पत्र्यावर पत्रा वाजल्यासारखं वाजलं.

"रबर गेलंय," धोंडीबा म्हणाला. चौकटीतलं रबर ठिकठिकाणी फाटून लोंबत होतं. त्याने आतून नव्या रबराचं वेटोळं आणलं आणि सयाजीपुढे धरलं. "हे तुमी करा. मला येवढं साफ जमत न्हाई."

सयाजी उठला. जुनं रबर एका ओढीत काढलं. खाच फडक्याने पुसली. नव्याचं टोक खालच्या कोपऱ्यात धरलं आणि अंगठा चालायला लागला. खालून वर, वरून आडवं. वळणावर रबराला जरा ढील द्यायची, ताणायचं नाही, नाहीतर महिन्याभरात कोपरा सुटतो. परत खाली. दोन्ही टोकं भेटली तिथे नखही जाईना. गडी तोंड उघडं टाकून बघत होता. दीड मिनिट झालं असेल, कदाचित कमीच.

संपल्यावर सयाजीचा हात सवयीने डावीकडे गेला, पुढच्या गाडीकडे. पुढची गाडी नव्हती.

फाटलेलं रबर ती सात वर्षं रोज साठ वेळा बघत होती. तेवढं तरी बदला, असं ती कधी म्हणाली नव्हती. तेवढं तर त्याला येत होतं.

*

तेराव्याला जेवणावळ झाली. औशाकडची मंडळी आली, मेहुणा आला, गोडाचं खाऊन सगळ्यांनी सयाजीला चार शब्द सांगितले. मेहुण्याने जाताना अंगणातली व्हॅन बघितली, दार सरकवून बघितलं आणि म्हणाला, "वा दाजी! हात आजून तसाच हाय तुमचा."

सयाजी म्हणाला, "माझा नाही. धोंडीबा मिस्त्रीने केलं. मी फक्त रबर लावलं. कंपनीतही तेवढंच करायचो."

मेहुण्याला वाटलं, दुःखात माणूस असं उणं बोलतो. त्याने सयाजीच्या पाठीवर थोपटलं आणि तो गाडीत बसून निघून गेला. सव्वीस वर्षं जपलेली गोष्ट सांगून टाकली तर तिला कोणी गिऱ्हाईकच नव्हतं.

ज्ञानेशने मात्र ऐकलं होतं. तो दाराशी आला. "बाबा, कॉलेजच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय डोअर असेंब्ली लिहायचो."

"मग? खोटं नाही."

"आईनेच सांगितलं होतं तसं लिहायला," ज्ञानेश म्हणाला. थोडा वेळ तो नुसताच दार पुढेमागे करत राहिला. "ठेवू का गाडी? नाही देत भंगाराला."

"पासिंग संपलंय म्हणालास ना?"

"हो, पण अंगणात उभी राहील."

"राहू दे. डबे नाहीत, कोण बसणार तिच्यात?"

भिंतीपलीकडून कुशाबाई आली. तिनेही एका बोटाने दार लावून बघितलं. काही आवाज झाला नाही म्हणून तिने परत उघडून परत लावलं. "लई ग्वाड सरकतंय," ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "मला तर अजून वाटतंय, आता वाजंल, मग वाजंल. जेवायचंच सुचत न्हाई बगा."

सगळे गेल्यावर सयाजीने पानावर भात वाढला आणि व्हॅनच्या टपावर ठेवला. दार उघडलं, लावलं. उघडलं, लावलं. "झालं बघ," तो हळूच म्हणाला. कुशाबाईच्या पत्र्यावर एक कावळा होता. तो दुसरीकडे बघत होता. त्याला जे हवं होतं ते दहाव्यालाच मिळालं होतं. पुढचं काम झालं की नाही हे तपासायला कावळे येत नसतात.

*

चौदाव्या दिवशी सकाळी भंगारवाल्याचा माणूस आला. गाडी चालते का विचारलं, चालते म्हटल्यावर चालवतच नेतो म्हणाला. कागद ज्ञानेशने त्याच्या हवाली केले. सयाजीने गाडीतून काढायचं ते काढलं, पुढच्या आरशाला लटकवलेली वाळकी लिंबूमिरची, डब्यांचं एक झाकण आणि सीटखाली, पार कोपऱ्यात, काडेपेटी आणि अर्धी मेणबत्ती. मेणबत्तीची एक बाजू घासून चपटी झाली होती. ती त्याने चिमट्यांबरोबर खिशात टाकली.

माणसाने सरकतं दार तपासायला धरलं. असल्या गाड्यांची दारं कशी असतात हे त्याला अनुभवाने माहीत. त्याने दोन्ही हातांनी मूठ पकडली, पाय रोवले आणि जोर करून ओढलं. दार सुळकन मागे गेलं आणि माणूस आपल्याच जोराने कुशाबाईच्या भिंतीला जाऊन टेकला.

"आयला! काका, हे तर नवंकोरं हाय," तो खांदा चोळत म्हणाला. "ह्ये आमी वेगळं काढू. बाकीची दाबून टाकायची, पर ह्ये लागंल कुनाच्या तरी गाडीला."

"लागू दे," सयाजी म्हणाला.

माणूस पुढे जाऊन बसला. गाडी सुरू झाली, धूर सोडून जरा पुढे सरकली आणि थांबली. दार उघडंच राहिलं होतं. आतून तो ओरडला, "काका, तेवढं दार लावा की!"

सयाजी दाराशी गेला. आत मधली सीट दिसत होती, एका बाजूला जरा बसलेली. त्याचा डावा हात मुठीवर गेला, उजवा आपोआप खाली उचलायला गेला, गुडघाही अर्धा उठला. मग त्याला आठवलं आणि त्याने उजवा हात काढून घेतला. एका हाताने, जोर न लावता, त्याने दार ढकललं. ते खाचेतून सरळ धावत गेलं, नव्या रबरावर टेकलं आणि कुलपात बसलं. निघालेल्या गाडीचं दार सयाजीने सात वर्षांत पहिल्यांदाच लावलं होतं.

आवाज असा आलाच नाही. माणूस थोडा वेळ वाट बघून पुन्हा ओरडला, "झालं का बंद?"

"झालं," सयाजी म्हणाला.